म्हातारं कोण, गालिचा की माणूस?

"सोडा त्यांना! लामीनबाबा चोर नाहीत!"

ओल्फा ओरडली, पण ऐकतो कोण! कैरुआन शहराच्या भर बाजारातून फौजदार जलाली बाबांना बेड्या घालून घेऊन गेले. शेजारच्या दुकानदारांनी माना खाली घातल्या. बाबा इथे जन्मभर नवे गालिचे विकत आलेले, पण त्यांच्या बाजूने एकानेही तोंड उघडलं नाही. ओल्फाला त्याचीच जास्त चीड आली.

सुट्टीत ती आणि तिचा मामेभाऊ इस्कंदर बाबांच्या दुकानातच पडीक असत. दोघं तडक चौकीत जाऊन धडकली.

"साहेब, बाबांनी काय केलं?"

"एका इंग्रज बाईंची पर्स गेलीय, पासपोर्टसकट! कुणाकडे आहे विचारलं, तर म्हणाल्या, 'ओल्ड कार्पेट मॅन'. म्हातारा गालिचेवाला! बाजारात तो एकच आहे. पळा आता!"

बाहेर पायरीवर बसून ओल्फा मुसमुसू लागली. इंग्रजीत विशेषणांनीच तिला नापास केलं होतं. गुणवाचक, संख्यावाचक, दर्शक... घोकून घोकून जीव गेला होता.

"रडूबाई, तुझं ते व्याकरण तरी कामाला लाव!" इस्कंदर म्हणाला.

ओल्फानं एकदम डोळे पुसले. "इस्कंदर! आपल्या अरबीत विशेषण नामाच्या मागून येतं. म्हाताऱ्या माणसाला शब्द वेगळा, जुन्या गालिच्याला वेगळा. घोटाळाच नाही! इंग्रजीत ते नामाच्या आधी येतं आणि दोघांनाही एकच शब्द, 'ओल्ड'."

"मग?"

"मग 'ओल्ड' कोण? माणूस की गालिचा?"

"जुने गालिचे विकणारा... अगं, तो तर गाझी!"

मशिदीमागच्या गल्लीत तरणाबांड गाझी दुकानाच्या दारातच उभा होता.

"पर्स? ही काय! बाई विसरून गेल्या. सकाळपासून वाट बघतोय मी त्यांची."

पासपोर्ट जागच्या जागी होता. चोरी झालीच नव्हती!

चौकीत पर्स बघून आणि ओल्फाचं ऐकून फौजदारांचा चेहरा पडला. "शाबास पोरी, डोकं आहे तुला! बाबा, तुम्ही मागच्या दारानं गुपचूप घरी जा."

"मागच्या दारानं का?" ओल्फा कडाडली. "नेलंत बाजारातून, आता परतही न्या बाजारातूनच! आणि मोठ्यानं सांगा!"

फौजदार बाबांना घेऊन निघाले. गालिच्यांच्या ओळीत थांबून म्हणाले, "चूक माझी झाली. लामीनबाबा निर्दोष आहेत!"

लगेच सगळे गोळा झाले. "वा गं ओल्फा! बापाचं नाव काढलंस!" कुणी पाठ थोपटली, कुणी तिच्या हातावर खजूर ठेवले. बाबांनी मात्र कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. त्यांनी दुकानाची किल्ली ओल्फापुढे धरली. तिनं ती घेऊन दार उघडलं.

"बाबा, आता कळलं ना सगळ्यांना?"

"कळलं गं बाळा. पण सकाळी मला नेताना, एकानंही विचारलं नाही."