संगमाचा फेरा

प्रकाशचंदची टोपी उडाली ती थेट चंद्रकांताच्या पाण्याच्या हंड्यात जाऊन पडली.

त्यात त्याचा दोष नव्हता. गोंदूरच्या माळावरची धावपट्टी तेव्हा नवीकोरी होती आणि विमान म्हणजे आभाळातून जाणारी पांढरी रेघ, एवढीच धुळेकरांची विमानाशी ओळख होती. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर व्यापारी मंडळाने पांजरपोळमधल्या गुरांच्या चाऱ्यासाठी पैसे जमवायला मुंबईकडून एक छोटं विमान मागवलं. पुढे वैमानिक आणि मागे जेमतेम दोन-तीन माणसं. फेरे दोन होते. लळिंगच्या किल्ल्याला वळसा घालून परत, हा स्वस्तातला. आणि पांझरा नदी तापीला मिळते त्या मुडावदच्या संगमावरून जाऊन येणं, हा लांबचा. तिकिटांच्या टेबलाशी बसायला मंडळाने प्रकाशचंदला पकडलं, कारण तो चाळीसगावहून मामाकडे राहायला आला होता, रिकामा होता आणि दिसायला बरा होता. विमान मांडवाजवळ येऊन वळलं, पंख्याच्या वाऱ्याने कनात फडफडली, शेव-मुरमुऱ्याची अर्धी पाटी माळभर झाली आणि स्वयंसेवकाची ती पांढरीशुभ्र टोपी शेजारच्या पाणपोईत दाखल झाली.

पाणपोई भुवाजींची होती. भुवाजी म्हणजे चंद्रकांताच्या वडिलांची, आडत्या सोहनलालशेठची थोरली बहीण हीराबाई. अगदी लहान वयात कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली ही बाई घराची कर्ती झाली होती. सोहनलालशेठ बाजारात कुणाला बधत नसत, पण घरात भुवाजींनी 'हं' म्हटल्याशिवाय साधी भाजीसुद्धा शिजत नसे. जैनांचा चौमासा, म्हणजे चातुर्मास, कार्तिकी पौर्णिमेला संपतो; तो अजून चालू होता, म्हणून पाणी उकळून, गार करून, दुहेरी फडक्यातून गाळून ठेवलेलं होतं. आणि त्यात आता टोपी तरंगत होती.

"टोपी कोणाची?" भुवाजींनी विचारलं.

"माझी," म्हणत तो उठून उभा राहिला. उंच, सावळा, केसांत माळावरची धूळ. दुसरा कुणी असता तर वाऱ्यावर ढकलून मोकळा झाला असता. चंद्रकांताला ते तेवढ्यातही जाणवलं.

भुवाजींनी त्याला पाणी आणायला टँकरवर पिटाळलं, ते चुलीवर उकळून निवेपर्यंत तिथेच बसवलं आणि मग गाळण्याच्या फडक्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दुसरं टोक चंद्रकांताच्या हातात होतं.

"ताणून धरा ना," ती म्हणाली.

"धरलंय की."

"तुम्ही इकडे बघताय... पाणी तिकडे चाललंय."

त्या दिवसापासून प्रकाशचंदला तहान फार लागायला लागली. कार्तिकातली थंड हवा, अंगात स्वेटर, आणि हा आपला दर फेऱ्यामागे पेला पुढे करून उभा. पाणपोईवर हंडे उचलायला आलेली भागाबाई पदरात तोंड लपवून हसायची. चंद्रकांता पाणी घालताना मान वर करायची नाही, पण पेला काठोकाठ भरायची. काठोकाठ भरलेला पेला सावकाश प्यावा लागतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या सावकाश पिण्यात बोलणं व्हायचं. एकदा त्याने विचारलं, की तुम्ही कुठला फेरा निवडाल? सगळे लळिंगच निवडतात, खिशालाही परवडतो आणि पोटातही ढवळत नाही. ती म्हणाली, संगमाचा. पांझरा आमच्या घरामागूनच वाहते. लहानपणापासून मी तिच्यात पानं सोडते, दिवे सोडते, ती सगळं घेऊन पुलाखालून जाते आणि पुढे दिसत नाही. ती शेवटी जाते कुठे, ते एकदा वरून बघायचंय. एवढं बोलून ती एकदम गप्प झाली, कारण एवढं तिने मैत्रिणींनाही कधी सांगितलं नव्हतं.

आपण मात्र लांब चाललो, असं त्याने त्याच दिवशी सांगून टाकलं. मद्रासला अमृतलालकाकांची पेढी होती, काकांना मूलबाळ नव्हतं. चौमासा संपला की तिकडे जायचं, तिथेच राहायचं, असं घरात ठरलं होतं. चंद्रकांताच्या हातातला तांब्या तिरपाच राहिला आणि पेला भरून पाणी त्याच्या बोटांवरून वाहू लागलं. दोघांच्याही ते बऱ्याच वेळाने ध्यानात आलं.

शेवटचा दिवस उजाडला. कार्तिकी चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी पौर्णिमेला विमान नाशिककडे जाणार होतं. दुपार कलल्यावर प्रकाशचंद पाणपोईशी आला, पण आज त्याच्या हातात पेला नव्हता.

"संगमाचा शेवटचा फेरा आहे," तो म्हणाला. "दोन जागा ठेवल्यात. एक माझी. दुसरी... तुम्ही भुवाजींना विचारलंत तर."

चंद्रकांताच्या चेहऱ्यावर आधी जे उमटलं ते पाहून कुणीही म्हटलं असतं, ही निघालीच. पण दुसऱ्याच क्षणी तिने मान हलवली.

"मला नाही येता येणार. माझी मर्यादा आहे."

त्याला वाटलं, घरच्यांची. पण ती तसली मर्यादा नव्हती. चौमाशाच्या सुरुवातीला, जैन साधू उतरतात त्या स्थानकात महाराजसाहेबांपुढे उभं राहून तिने दिशांचं व्रत घेतलं होतं. या व्रतात माणूस आपण होऊन सांगतो, की चौमासाभर घरापासून अमुक दिशेला मी इथवरच जाईन, पुढे पाऊल टाकणार नाही. पूर्वेला जळगाव, पश्चिमेला साक्री, उत्तरेला शिरपूर, दक्षिणेला चाळीसगाव, असं तिने भराभर सांगितलं. मग महाराजसाहेबांनी विचारलं, आणि वर? वरही एक दिशाच असते. मागे मैत्रिणी खुसुखुसू हसत होत्या, तिला एकदाचं उरकायचं होतं. वर कोण जातंय, असा विचार करून ती बोलून गेली: वर आमच्या घराची गच्ची.

"आणि ही मर्यादा उद्या सुटते," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "विमान जाईल तेव्हा."

तो हलकंसं हसला. "चाळीसगाव मात्र बसलं म्हणायचं तुमच्या मर्यादेत."

"चाळीसगाव बसतं. मद्रास नाही बसत."

हे बोलायचं नव्हतं, पण बोलून झालं. त्याने खाली बघितलं, बुटाच्या टोकाने माती उकरली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "वर... वर कोण बघणार आहे?"

"मी असेन ना तिथे."

प्रकाशचंदच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. इतके दिवस ती त्याला आवडत होती ते डोळे, आवाज, काठोकाठ भरलेला पेला यांच्यामुळे. आता ते सगळं राहिलंच, आणि शिवाय हिच्यासमोर आपण आणखी चांगलं असायला हवं असं त्याला वाटायला लागलं. माणूस पुरता अडकतो तो असा.

भुवाजी मागे हंडा विसळत होत्या. कान अर्थातच इकडे होते. त्यांनी हात पुसले आणि पुढे आल्या.

"जागा फुकट कशाला घालवायची? मी जाते."

चंद्रकांता बघतच राहिली. "भुवाजी, तुमचं व्रत तर जन्माचं आहे."

"जन्माचं आहे म्हणून विचार करून घेतलंय. शिखरजीच्या यात्रेला डोंगरावर जायचं राहिलंय माझं, तेव्हा वरची मर्यादा मी ऐसपैस ठेवली. तुझ्यासारखी गच्ची नाही सांगितली." आणि ओढणी डोक्यावर नीट ओढून घेऊन त्या प्रकाशचंदला म्हणाल्या, "चल बेटा. खिडकीशी मी बसणार."

विमान धुरळा उडवत धावलं, उचललं गेलं, बाभळींच्या पलीकडे वळलं आणि लहान लहान होत गेलं. चंद्रकांता कपाळावर हात धरून बघत राहिली. पांझरेचा धागा धरून ते चाललं असेल... खाली कपाशीची शेतं फुटली असतील, पांढरी... आता संगम आला असेल. तिने मनाला बजावलं, की आपल्याला वाईट वाटतंय ते संगम बघायला मिळाला नाही म्हणून. मन काही ते मानायला तयार नव्हतं. संगम कुठे पळून जात नव्हता. पळून जाणारी गोष्ट विमानात बसली होती, आणि उद्या-परवा ती मद्रासच्या गाडीत बसणार होती.

भागाबाई हंड्यांवर झाकणं ठेवत होती. तिने एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा चंद्रकांताकडे.

"बाई, तुनं ध्यान इमानवर शे का इमानमातला पोऱ्यावर?"

चंद्रकांताने नकाराची मान हलवली नाही, आणि भागाबाईला तेवढं पुरलं.

विमान परत आलं तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. आधी भुवाजी उतरल्या, अगदी टांग्यातून उतरावं तशा. त्यांच्यामागून प्रकाशचंद उतरला, त्याचा रंग मात्र उडाला होता.

"बघितला तुझा संगम," भुवाजी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "आपली पांझरा जरा गढूळ आणि तापी निळी. बरंच लांबवर दोघी शेजारी शेजारी वाहतात, मग कुठली कोणती ते कळत नाही. जन्मभर तिच्या काठी राहिले, पण इतकी देखणी मला ती कधी दिसली नव्हती." मग त्यांनी मागे बोट दाखवलं. "आणि हा बघ. सगळा वेळ डोळे मिटून बसला होता. माझा हात धरून."

प्रकाशचंद स्वेटरवरची धूळ झटकू लागला.

"भित्रा आहे," भुवाजी म्हणाल्या. "पण खोटं बोलत नाही. मी वर विचारलं, मद्रासला कशाला जातोस रे? तर म्हणाला, थांब असं कुणी म्हणालंच नाही म्हणून." त्या घरच्या जीपकडे निघाल्या आणि जाता जाता, न वळता म्हणाल्या, "सोहनलालला मी बघून घेते. पोरीचं काय ते पोरीने सांगावं. हंडे आवरून या दोघं."

आवरायला फारसं काही नव्हतं. हंडे भागाबाईने केव्हाच जीपमध्ये चढवले होते. ओलं फडकं तेवढं राहिलं होतं. चंद्रकांताने त्याचं एक टोक धरलं, दुसरं न बोलता पुढे केलं, आणि दोघं दोन्हीकडून ते पिळू लागले.

"भीतीने मिटले होते ना डोळे?" तिने विचारलं.

"आधी तुमच्यामुळे. म्हटलं, तुम्ही नाही बघणार तर मी एकट्याने कशाला बघू... नंतर विमान वळलं. मग भीतीने."

ती हसली. कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. तो मात्र हसला नाही.

"मीही मर्यादा घेतो म्हणतो," तो म्हणाला. "महाराजसाहेबांपुढे घेईन तेव्हा घेईन. आज तुमच्यापुढे. पूर्वेला जळगाव. पश्चिमेला साक्री. उत्तरेला शिरपूर. दक्षिणेला चाळीसगाव."

"आणि मद्रास?"

"मद्रास बसत नाही. काकांना तसं कळवतो. चाळीसगावला वडिलांचं दुकान आहे, ते काही वाईट नाही."

"आणि वर?"

"वर तुमची गच्ची... बोलावलंत तर."

फडक्यातलं पाणी थेंब थेंब खाली पडत होतं. चंद्रकांताने आणखी एक पीळ दिला. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं, की त्याला ते फडक्यातून कळेल असं तिला वाटलं.

"माझी मर्यादा उद्या सुटते," ती म्हणाली. "पण पुढच्या चौमाशाला मी पुन्हा घेणार आहे."

त्याचा चेहरा पडला. "पुन्हा अशीच?"

"वरचं जरा विचार करून सांगीन. पण मर्यादा घरापासून मोजतात, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. मग?"

तिने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"मग... पुढच्या खेपेला मी चाळीसगावापासून मोजीन म्हणते."

त्याच्या हातातलं टोक सुटलं आणि फडकं मातीत पडलं. जीपमधून भुवाजींची हाक आली, की सूर्य बुडायच्या आत घरी पोचून जेवायचंय, काय करताय एवढा वेळ. दोघं खाली वाकले ते एकदमच. त्या संध्याकाळी त्या दोघांपैकी कुणालाही भूक नव्हती.