चूलबंद आवतण

ही घटना शंभर टक्के खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे पाहिली असती, पण तेव्हा मी गाळात रुतलेली चप्पल ओढत होतो.

मे महिना, भर दुपार. रात्र नव्हती, त्याला माझा इलाज नाही.

इंदापूर तालुक्यातलं माझ्या मामाचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की घरांची जोती वर येतात. गावात लग्न निघालं की यजमानानं तिथं जायचं, आणि दर उंबऱ्याशी गेलेल्यांना आवतण द्यायचं. घरटी एक. रीत आहे.

मामेबहीण राजनंदिनीचं लग्न होतं. वऱ्हाड शेळगावचं, तालेवार. मानसिंगमामांना एकच घोर... अन्न कमी पडता कामा नये.

तरी पहिल्याच जोत्यापुढं ते ओरडले, "चूलबंद या रं समदे!"

चूलबंद म्हणजे अख्खं घर. त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही.

सोबतचे गेणबा आबा हबकले. "मानसिंगराव, घरटी एक म्हना की!"

"आबा, पोरगी एकच हाय माजी. आन् येतंय कोन हितनं?"

तेवढ्यात...

चुर्रर्र.

निखाऱ्यावर पाणी ओतल्यासारखं.

मग पुढच्या जोत्यात. मग त्याच्या पुढच्या...

तिथं नुसता गाळ होता.

"उन्हानं तडकतोय," मामा म्हणाले. मीही मान हलवली. शिकलेला आहे.

लग्नाला अक्षता पडल्या. पंगतीच्या पत्रावळ्या आधीच वाढून ठेवायच्या, म्हणून वाढपी कामाला लागले. माणसं अजून मांडवातच होती.

वाढपी शेवटच्या पानापर्यंत पोचले. मागं वळले...

सगळी पानं रिकामी.

पुन्हा वाढलं. पुन्हा रिकामी.

कुत्रं नाही. कावळा नाही. चपाचपा खाल्ल्याचा आवाजसुद्धा नाही.

द्वारकामामी बाहेर आल्या. "अवो, भात सपला. बुंदी बी."

"कुनी खाल्ला?"

"कोन बसलंच न्हाय तर काय सांगू!"

व्याही तात्याबा पंगतीत येऊन उभे राहिले. "मानसिंगराव, आमाला जेवाय बोलावलंय का पत्रावळ्या मोजाय?"

मामा खालच्या सतरंजीकडं बघत होते.

सतरंजी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली होती...

घरी गॅसवर दूध उतू जाऊन चुर्र झालं की अजून मी उठत नाही. बायको उठते.

त्या दिवशी वऱ्हाड इंदापूरला हायवेवरच्या हॉटेलात जेवलं. मीही गेलो. पुरीभाजी बरी होती.