टोटो अजिलोंगचा फ्रीज

"हसा, हसून घ्या," पापा एमुरॉन म्हणाला आणि नाचणीच्या दारूच्या मडक्यात त्यानं आपली प्यायची लांब नळी सोडली. तो कसावा संशोधन केंद्राचा रखवालदार. भोवती केंद्रातली शिकाऊ पोरंपोरी. अंधार पडून तास झाला होता. "पण ओडेकेसमोर हसू नका. बारा वर्षं माझ्यासोबत होता. खोटं बोलायची अक्कलच नाही त्याला."

साल २०१९. एकवीस नोव्हेंबर, गुरुवार, रात्रीचे पावणेनऊ. काम किरकोळ होतं. केंद्राच्या मोठ्या साहेबांनी प्रयोगशाळेतल्या ओडेकेला सांगितलं होतं, "जुन्या फ्रीजचा प्लग काढून ठेव. सकाळी म्हणू, लाइट गेली होती."

युगांडातल्या आमच्या तेसो भागात या सबबीवर कोण शंका घेणार? लाइट रोज जाते.

तो फ्रीज उणे ऐंशी अंशांचा. आत डॉक्टर अजिलोंगची तेवीस वर्षं. कसाव्याचे कंद जमिनीतच सडवणाऱ्या विषाणूची जनुकं इथं पहिल्यांदा वाचली ती या बाईनं; सायकलवरून गावोगाव रोगट पानं गोळा करून, थर्मासात बर्फ भरून. लोक तिला टोटो, आई, म्हणत. ती जाऊन चार वर्षं झाली होती आणि साहेब तोच शोध स्वतःच्या नावानं छापायला निघाले होते. आतल्या काचनळ्यांतले नमुने वितळले की पुरावा संपला. बाईचं काम पुरुषाच्या नावावर चढवायला फार अक्कल लागत नाही, एक प्लग पुरतो.

ओडेकेला तीन पोरी. नोकरी गेली तर खातील काय? त्यानं प्लग काढला. धोक्याची घंटी वाजली, तीही बंद केली. स्टूल ओढून बसला.

नऊ. दारावरचा, बॅटरीवर चालणारा तापमानाचा आकडा, उणे ऐंशी.

दहा. उणे ऐंशी.

त्यानं प्लग उचलून पाहिला. हातातच होता. सुटा.

उघडं ठेवलं तर लवकर वितळेल, म्हणून त्यानं दार उघडलं. पांढरी वाफ पायांवर उतरली.

टोटोची एक शिस्त होती. हे दार उघडलं की उघडणाऱ्यानं मोठ्यानं आकडे मोजायचे. तिसाच्या आत दार बंद. एकतिसावा आकडा कुणी ऐकला नव्हता. त्याआधीच टोटो येऊन बोटांसकट दार लावायची.

ओडेके मोजत नव्हता.

"एक..."

मानेमागून. शांतपणे.

"दोन... तीन..."

"टोटो?"

"नऊ... दहा..."

"साहेबांनी सांगितलं, टोटो. पोरी आहेत माझ्या."

"सतरा..."

"तुम्ही गेलात. आता नाव कशाला हवंय तुम्हाला?"

आकडे थांबले.



मग अगदी कानाशी, झापायच्या त्या जुन्या सुरात, "तुझ्या पोरींना हवंय."

...

"अठरा."

पंचविसाला त्यानं दाराला हात घातला. एकोणतिसाला दार लावलं.

सकाळी साहेबांनी विचारलं, "झालं?"

"नाही. आणि करणारही नाही."

"घरी बसशील."

"बसेन. तुम्ही एकदा त्या दाराशी उभे राहा, साहेब. मोजून दाखवा तीसपर्यंत."

साहेबांनी पक्कड मागवली आणि सगळ्यांदेखत फ्रीजची वायर मुळापासून कापली. ओडेकेला त्याच दिवशी काढलं.

पापा एमुरॉन थांबला. कुणीतरी मडक्यातल्या नाचणीवर पुन्हा गरम पाणी ओतलं.

"मग वितळलं का सगळं?" एका पोरीनं विचारलं.

"दोन वर्षांनी कंपालाहून माणसं आली. त्याच नळ्या तपासून शोध छापला. टोटोच्या नावानं. साहेब गेले बदलून. ओडेके सायकली दुरुस्त करतो, त्याची थोरली तुमच्यासारखी शिकते."

"आणि फ्रीज?"

"कोपऱ्यात आहे. वायर कुणी लावली नाही."

"म्हणजे बंदच ना, पापा?"

 म्हाताऱ्यानं तळवा कंदिलासमोर धरला.

"काल आतल्या कप्प्याला हात लावला..."

चारही बोटांची कातडी गोठलेल्या धातूला चिकटून सोलून निघालेली होती. जखम ताजी.