घटाची माती

त्र्याण्णवच्या नवरात्राच्या आदल्या दिवशी शुभदा टेंभी नाक्यावर घटासाठी माती आणि धान्यं आणायला गेली. एवढी साधी गोष्ट, पण तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. लग्नाला अकरा वर्षं झाली, घट दरवर्षी नणंदेनं, सुहासिनीताईंनीच बसवला. या वर्षी तो पहिल्यांदा हिच्या हातचा.

ताई उन्हाळ्यात काविळीनं गेल्या. गेल्या आपलं म्हणायचं. त्याच्या चार महिने आधी त्यांनी भावाला, गुरुदत्तला, आपलं एक मूत्रपिंड दिलं होतं. शुभदाचा रक्तगट जुळला नाही, ताईंचा जुळला. तेव्हापासून गुरुदत्तच्या पोटात उजवीकडे मुठीएवढा उंचवटा होता. त्यावर हात ठेवून तो म्हणायचा, "ताईला तहान लागलीय गं, पाणी दे." शुभदाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खस्ता काढायच्या बायकोनं, आणि आत ठाण मांडून बसायचं नणंदेनं! मरूनसुद्धा!

तिसऱ्या माळेला, भर दुपारी, तो हळूच म्हणाला, "शुभदा, ताई म्हणतेय... घट घरात नको."

"अहो, ताई काय बोलणार आता?"

"डॉक्टरांनी माती वर्ज्य सांगितलीय ना..."

"ती कुंडीतली. ही देवीची आहे!"

आणि हट्टानं तिनं घटाची परडी त्याच्या उशाशीच नेऊन ठेवली. रोज पाणी शिंपडताना एकच मागणं, देवी, ताईंना यांच्या पोटातून काढ. दसऱ्याला तिनं मातीसकट उपटलेले कोंब त्याच्या कानावर खोवले.

आठ दिवसांत ताप चढला, खोकला लागला. आधी क्षयाची शंका घेतली. मग तपासणीत जंतू सापडला, क्वचित दिसणारा, मातीत राहणारा.

"गोळ्यांनी यांची प्रतिकारशक्ती दाबलेली आहे. घरात माती कुठून आली?" डॉक्टरांनी विचारलं.

शुभदा त्याच्या उशीची खोळ नीट करू लागली.

"फुफ्फुस भरलंय. बहिणीचं मूत्रपिंड मात्र ठणठणीत आहे. तेवढाच आधार."

भाऊबीजेच्या दुपारी ती घरून पेज घेऊन आली. वॉर्डच्या दारातच नर्स म्हणाली, "आत्ताच यांची बहीण ओवाळून गेली."

"कोण... बहीण?"

"हिरव्या काठाचं पातळ होतं. म्हणाल्या, शुभदाला सांगा... तिच्या मनासारखं केलं."

शुभदा कॉटकडे धावली. गुरुदत्त डोळे मिटून पडला होता. कपाळावर ओल्या कुंकवाचा टिळा. सकाळी भरत असलेली लघवीची पिशवी आता कोरडी होती. तिनं चादर सारली आणि पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवला. आजवर तिथे तिनं कधी हात लावला नव्हता.

"ताई..." ती पुटपुटली. "ताई, राहा हो..."

हाताखाली पोट सपाट होतं.