थोरल्यांनी धरलेला हात

मी जे सांगणार आहे ते मला सिद्ध करता येणार नाही. पुराव्याशिवाय एकाही अहवालावर सही न केलेल्या माणसाला हे वाक्य लिहिणे जड जाते. तरीही ते घडले आहे. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या पत्नीच्या बाबतीत.

अमावस्या नव्हती, मध्यरात्रही नव्हती. गेल्या हिवाळ्यातली स्वच्छ, उन्हाची दुपार होती.

तंत्रविद्यालयातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत मी कारखान्यांतील यंत्रांचे दोष शोधत आलो. ही घरी शिवणकाम करते. गेल्या वर्षी तिच्या डाव्या हातातून वस्तू सुटू लागल्या. आधी कात्री, मग कप. शेवटी सुई धरवेना. सगळ्या तपासण्या झाल्या. दोष सापडला नाही.

"तुमच्या तपासण्यांनी माझ्या हातात सुई येत नाही," ती म्हणाली. "आता माझ्या मनासारखं करू."

तिच्या मनात एक उपचारकेंद्र होते. डोंगराच्या पायथ्याशी, गावापासून दूर. पिढीजात वैद्यांचे घराणे, स्वतःची औषधी बाग, पाला वाळवण्याची लांबच लांब शेड, तेल कढवण्याची खोली. सगळीकडे कडवट, ओलसर वास. फोन दारातच जमा करायचे.

तिथले वैद्य पन्नाशीचे होते. सगळे त्यांना 'धाकटे' म्हणत. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

"नाडी थोरले बघतात. मी फक्त औषध देतो," ते हिला म्हणाले. "एकच पथ्य. ज्या हाताची नाडी थोरल्यांनी बघितली, तो हात इथे असेपर्यंत दुसऱ्या कोणी धरायचा नाही."

"नवऱ्यानेही?" मी विचारले.

"नवऱ्याने तर नाहीच."

ही हसली. "अहो, इतकी वर्षं कुठे धरत होतात? आताच बरं आठवलं."

मीही हसलो. धाकटे हसले नाहीत.

नाडी पाहण्याची खोली अरुंद होती. समोर जाड फळ्यांची आडभिंत. फळीत छातीच्या उंचीवर एक गोल भोक आणि भोकाला आतल्या बाजूने लावलेली काळ्या कापडाची बाही. रुग्णाने स्टुलावर बसायचे, हात आत घालायचा. थोरले पलीकडे बसतात, रुग्णाचा चेहरा पाहत नाहीत. चेहरा पाहिला की वैद्य फसतो, असे त्यांचे म्हणणे.

मला ते पटले. आम्हीही यंत्राच्या अंगावर तळहात ठेवून आतला बिघाड ओळखत असू.

हिने हात घातला.

मग फळीवर पलीकडून... एक टिचकी.

दाराशी बसलेले धाकटे उठले आणि काढा करायला गेले.

"तीन बोटं," बाहेर आल्यावर ही म्हणाली. "गारठलेली. आणि अहो, ती बाही बघितलीत? टाके पलीकडून घातलेत. गाठ आत आहे. कोणीतरी आत बसूनच शिवली असणार."

"मग काय झालं? थोरल्यांना शिवण येत असेल."

"येते. माझ्यापेक्षा बरी येते," ती म्हणाली.

आठवडा उलटायच्या आत तिने माझ्यासमोर सुईत दोरा ओवला. डाव्या हाताने. माझे डोळे भरून आले. मी नकळत तिचा हात धरायला गेलो, तर तिने तो झटक्याने मागे घेतला.

"नको. त्यांना कळतं."

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. जेवताना डावा हात मांडीवर, तळवा वर करून ठेवी. नाडीची वेळ व्हायच्या कितीतरी आधी त्या खोलीत जाऊन बसे. मला आत जायला बंदी झाली. मी अंगणात आलो की बाकीचे रुग्ण गप्प होत आणि मी जाईपर्यंत गप्पच राहत. सगळ्यांचे डावे हात मांडीवर असत.

"तुम्ही घरी का जात नाही?" स्वयंपाकाच्या मावशींनी एकदा तोंडावरच विचारले. "बाई बरी होतेय ना? मग तुमचं इथं काय अडलंय?"

"थोरल्यांना भेटून आभार मानायचेत. ते आत कुठून जातात?"

मावशींनी हातातले भांडे खाली ठेवले.

"आत जायला आधी बाहेर यावं लागतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भांडी घासू लागल्या.

मी इमारतीच्या मागे गेलो.

मागे दार नव्हते. खिडकी नव्हती. भिंतच नव्हती. ती खोली सरळ डोंगराच्या कातळाला टेकवून बांधलेली होती. माझ्या खिशात टेप असतोच. मी बाहेरून माप घेतले. मग खोली रिकामी असताना आत जाऊन घेतले. फळ्यांची जाडी धरली. पुन्हा मोजले.

दोन्ही मापे जुळत होती.

फळीच्या मागे थेट कातळ होता. मध्ये बोट शिरेल एवढीही जागा नव्हती.

आणि माझ्या बायकोचा हात तिथे रोज... कोपरापर्यंत आत जात होता.

त्याच दुपारी मी सामान बांधले आणि तिला आणायला गेलो. खोलीचे दार आतून लावलेले. मी खांद्याने रेटून ते उघडले.

ती स्टुलावर होती. हात खांद्यापर्यंत आत. गाल फळीला चिकटलेला. डोळे मिटलेले, चेहरा सुखात.

"अगं, चल. घरी जायचंय."

तिने गाल फळीवर आणखी दाबला.

मी तिच्या कमरेला विळखा घालून मागे ओढले. ती मागे आली. वीतभर.

मग पलीकडून कोणीतरी... तिला परत आत ओढले.

झटका नव्हता, घाई नव्हती. आपली वस्तू परत घ्यावी तशी ती ओढ होती.

दुसरा इलाज उरला नाही. तिच्या हाताला लगटून मी माझा हात आत सरकवला. बाही संपली. पुढे गार, ओलसर पोकळी. चाचपत मी तिच्या मनगटापर्यंत पोहोचलो.

तीन बोटे नव्हती.

मनगटापासून कोपरापर्यंत बोटेच बोटे होती. शेजारी शेजारी, एकावर एक. सगळी नाडीवर ठेवलेली. दाबत, सोडत, पुन्हा दाबत.

डोंगरातल्या झाडांच्या मुळ्या असतील, असे मी अजूनही स्वतःला सांगतो. पण मुळ्यांना नखे नसतात.

मी एकेक उपटून काढली. काही माझ्या मनगटावर चढू पाहत होती. ओरडलो असेन, आठवत नाही. शेवटी तिचा हात सुटला आणि आम्ही दोघे जमिनीवर पडलो.

दारात धाकटे उभे होते. त्यांनी अडवले नाही.

"न्या," ते शांतपणे म्हणाले. "हात घेऊन जा. नाडी इथेच राहिली आहे."

आम्ही निघालो तेव्हा अंगणातल्या एकाही रुग्णाने मान वर केली नाही.

घरी आल्यावर ही पूर्ण बरी झाली. त्या दुपारचे तिला काहीच आठवत नाही. शिवणयंत्र पुन्हा सुरू झाले. मीही गप्प बसलो. बरे झालेले यंत्र कोणी उघडून बघत नाही.

मग ती सर्दीतापासाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी डावे मनगट धरले. सोडले. पुन्हा धरले. उजवे पाहिले, ते ठीक होते. डाव्या हाताला यंत्र लावले, तर आकडे अगदी व्यवस्थित. फक्त बोटांना काही लागत नव्हते.

"काकू, यंत्र म्हणतंय म्हणून तुम्हाला जिवंत धरतो," डॉक्टर म्हणाले.

ही खूप हसली. मला हसता आले नाही.

आता ती दुपारी झोपली की तिचा डावा हात पलंगाबाहेर जातो. बाही आपोआप कोपरापर्यंत सरकलेली. तळवा वर. तो हात खाली लोंबत नाही. हवेत सरळ राहतो... कोणीतरी खालून तोलून धरल्यासारखा.

मी त्याच्या खालून हात फिरवून पाहिला आहे. तिथे काही नाही. फक्त गारवा.

त्या वेळी कितीही हलवले तरी ती जागी होत नाही. काल मी तो हात धरून पलंगावर ओढला. तो आला. वीतभर. आणि मग परत गेला.

"अहो, सोडा ना," ती झोपेतच म्हणाली. इतक्या गोड आवाजात ती माझ्याशी कधी बोललेली नाही. "ते बघताहेत."

मी सोडला नाही.

आजही सोडलेला नाही. हे सगळे मी उजव्या हाताने लिहितो आहे. डाव्या हाताने तिचे मनगट घट्ट धरले आहे. ओढ कालच्यापेक्षा जास्त आहे, माझी बोटे बधिर होऊ लागली आहेत.

आणि दुपार अजून बरीच उरली आहे.