दवाखान्याचा कच्चा रस्ता

"सिस्टर, ॲक्सिलेटर देऊ नका... आणखी रुतेल!"

ॲव्हरिलनं दवाखान्याच्या गाडीच्या उघड्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. समोर धुळीनं माखलेला एक उंच माणूस उभा, आणि त्याच्या मागे पिवळाधमक ग्रेडर, कच्चे रस्ते सपाट करणारं ते धूड. ओमानातला हा तालुका दुक्मपासून दोन तास आत, माणसं कमी नि उंट जास्त. इथं कुणी मराठीत ओरडेल असं तिला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

"मी मराठी, हे कसं कळलं?"

"चाक रुतल्यावर जे काही बोललात ना... ते आमच्या वसईतल्या नंदाखालच्या बाजूचं वाटलं," तो गालात हसला. "मी शेरविन. बलदियाच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या कामावर."

वसईतल्याच पापडीची ॲव्हरिल लाजून लालेलाल झाली.

त्यानंतर दर गुरुवारी शेरविनचा घसा दुखायला लागला. "धूळ गेली, सिस्टर," म्हणत तो दवाखान्यात यायचा, आ करायचा, आणि ती बॅटरी लावून बघायची. घसा ठणठणीत! पण चहा होईपर्यंत तो उठायचा नाही, आणि ती चहा मुद्दाम मंद आचेवर ठेवायची. चार महिने हे असं गोड गोड चाललं होतं.

मग एके दिवशी अफशीन दवाखान्यात आली. रत्नागिरीची, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी, आणि दिसायला... जाऊ दे!

"आमचा रस्ता पाहिलास का, ॲव्हरिल? गाडीत चहा पिते मी, थेंब सांडत नाही. शेरविनभाई तिसऱ्यांदा करून गेले!"

तिसऱ्यांदा? ॲव्हरिल मनात मोजू लागली. दवाखान्याचा तीस किलोमीटरचा रस्ता अजून छपराच्या पत्र्यासारखा खडबडीत. दीड तास हाडं खिळखिळी व्हायची. त्याला एकदासुद्धा हात लागला नव्हता, आणि शाळेला तीनदा! म्हणे भाई. भाई म्हणताना पापण्या किती फडफडवायच्या, बाई!

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्या रस्त्यानं गेली. गाडी अशी तरंगत गेली की तिला रडूच आलं. शाळेच्या फाटकाशी ग्रेडर उभा होता. अफशीन ताटली पुढे करत होती, आणि हा गृहस्थ तोंडभर हसत खात होता. ॲव्हरिलनं तिथूनच गाडी वळवली. जळत होती ती, अगदी खरंखरं जळत होती.

गुरुवारी शेरविन आला. "सिस्टर, घसा..."

"शाळेत दाखवा!"

"शाळेत?"

"तिथला रस्ता गुळगुळीत आहे. चहाही सांडत नाही म्हणे."

तो खुर्चीवर टेकला. मग हळूच म्हणाला, "तो मी तीनदा केला, कारण दुसरं काम उरलंच नव्हतं... तुमचा रस्ता सोडून."

"मग आमचा का नाही?"

"तो झाला की इथलं काम खलास. कंत्राटदार मालक मला थेट उत्तरेला, सहमला पाठवणार. आठ तास लांब." त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळली. "मला जायचं नाही... ॲव्हरिल."

पहिल्यांदा त्यानं तिला नावानं हाक मारली. तिला हसावं की रडावं कळेना. पण लगेच तिला परवाची ती गरोदर बाई आठवली.

"शेरविन, परवा सात महिन्यांची बाई आली होती. दीड तास पोट धरून बसली होती गाडीत. तुम्ही माझ्यासाठी रस्ता ठेवलात, आणि धक्के तिनं खाल्ले."

त्याचा चेहरा पडला. "हे... माझ्या डोक्यातच आलं नाही. उद्या सुरू करतो."

"मग सहम?"

"मग सहम."

सहा दिवस ग्रेडरची घरघर जवळ जवळ येत राहिली. रोज संध्याकाळी ती खिडकीशी जाऊन तो आवाज ऐकायची आणि डोळे पुसायची. तूच सांगितलंस ना, मग आता कशाला रडतेस, असं ती स्वतःला दटावायची. सातव्या सकाळी यंत्र दवाखान्याच्या दारात थांबलं आणि शेरविन खाली उतरला.

"झाला," तो म्हणाला. टोपी पुन्हा त्याच्या हातात चुरगाळली गेली.

ॲव्हरिलनं रस्त्याकडे पाहिलं. "दीड तासाचा रस्ता. आता किती?"

"पंचवीस मिनिटं."

"म्हणजे सहम तासाभरानं जवळ आलं." ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली. "ऐक. तू मला आवडतोस. अफशीनवर जळून जळून माझा कोळसा झालाय. आता सांग, सहमला शाळा आहेत? अफशीनसारख्या शिक्षिका?"

"आहेत की... पुष्कळ!" धुळीनं भरलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"मग दर पंधरा दिवसांनी घसा तपासायला मीच येणार."