गच्चीवरची जास्तीची सावली

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल हसावं. पण ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामा आहे, आणि हा माणूस आयुष्यात फक्त स्वतःच्या वजनाबद्दल खोटं बोलत आलाय.

दिवसही त्याला पक्का आठवतो. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, संध्याकाळचे सव्वापाच.

आणि जागा म्हणाल तर जमिनीपासून हजार फूट वर, एका चार सीटच्या विमानात.

मामा छोट्या विमानातून खालच्या जगाचे फोटो काढतो. काढायचा म्हणू. बावीस वर्षं त्याने हेच केलं आणि हौशी लोकांना हेच शिकवलं. गावाबाहेरच्या धावपट्टीला लागून एक पत्र्याची खोली होती, तोच त्याचा वर्ग. विमानाचं उजव्या बाजूचं दार काढून ठेवायचं. खिसे रिकामे करायचे. पेन, टोपी, किल्ल्या, सगळं खाली. पट्टे दोनदा ओढून बघायचे. कोपर विमानाच्या चौकटीला टेकवलं की मामा हेडफोनमधून ओरडायचा, "हात उचला! सगळा थरथराट फोटोत उतरतोय!"

पण त्याचा खरा धडा जमिनीवर असायचा. फोटो पडद्यावर लावून.

"वरून माणूस दिसत नाही," तो सांगायचा. "माणसाचा ठिपका दिसतो. माणूस ओळखायचा सावलीवरून. आधी वस्तू मोजा. मग सावल्या मोजा. आकडा जुळलाच पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, सावलीला तोंड नसतं. ती तुमच्याकडे बघतेय की पाठ करून उभी आहे, ते कळत नाही. उगाच अंदाज बांधू नका."

आणखी एक रीत होती. शेवटची फ्रेम आपल्या घराची. ज्या घराचा कोपरा न् कोपरा पाठ आहे, त्याच्या फोटोत आपली चूक लगेच कळते.

मामाची शेवटची फ्रेम ठरलेली असायची. इंजिनाचा आवाज आला की मामी हातातलं काम टाकून गच्चीवर धावायची आणि हात हलवायची. बावीस वर्षांचे ते फोटो मामाकडे आहेत. प्रत्येकात मामीचा ठिपका आणि तिची सावली. डोक्यावर उंच अंबाडा, एक हात वर.

मामी गेली त्याला त्या फेब्रुवारीत चौदा महिने झाले होते.

त्यानंतर मामाने घराचा फोटो घेतला नव्हता. कॅप्टन, म्हणजे त्याचा पायलट आणि तीस वर्षांचा दोस्त, घरावरून जाताना विमान मुकाट्याने दुसरीकडे वळवायचा. गच्चीच्या जिन्याला मामाने आतून कडी घातली होती. घर खायला उठत होतं. एकट्यापुरतं दूध आणायचं आणि तेही नासायचं. मुलगी दुसऱ्या शहरातून रोज फोन करायची, "बाबा, तू इकडे ये." शेवटी तो हो म्हणाला. घराला गिऱ्हाईकही मिळालं. सोमवारी सह्या होणार होत्या.

म्हणजे त्या शनिवारची तुकडी शेवटची.

तुकडीत दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या, भारी चौकस. परतताना त्यांनी विचारलं, "सर, माझं घर फार लांब आहे. शेवटची फ्रेम तुमच्या घराची घेऊ का?"

कॅप्टनने त्याच्याकडे बघितलं. मग मामाने मानेनेच हो म्हटलं आणि दुसरीकडे तोंड करून बसला.

अर्ध्या तासाने फोटो पडद्यावर आला.

"मोजा," मामा म्हणाला.

बाई मोजू लागल्या. "पाण्याची टाकी. कपडे वाळत घालायचे दोन खांब. टीव्हीची जुनी डिश. जिन्याची खोली. वस्तू पाच."

"सावल्या?"

"एक... दोन... तीन..." बाई थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "सर, माझं काहीतरी चुकतंय. सहा येतायत."

"दात मोजताना बरं चुकत नव्हतं!" मामा हसला. वर्गही हसला.

मग मामा पडद्याजवळ गेला.

खांबाच्या शेजारी, मोकळ्या फरशीवर...

एक सावली पडली होती.

तिच्या मुळाशी कुणीही नव्हतं.

डोक्यावर उंच अंबाडा. एक हात वर.

मामाने पडदा बंद केला, "लेन्सचा दोष असेल," म्हणाला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. कॅप्टन मात्र दारात उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं.

"मी येऊ का घरी सोबत?" कॅप्टनने विचारलं.

"कशाला? मला काय भूत खातंय?" मामा म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

घरी पोचला तेव्हा अजून थोडा उजेड होता. जिन्याची कडी आतून होती तशीच. गंज धरलेली, ठोकून काढावी लागली. गच्चीवर चौदा महिन्यांची धूळ साचलेली.

धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

रविवारी तो कॅप्टनला घेऊन स्वतः वर गेला. तीच वेळ, तोच सूर्य. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर गच्ची रिकामी होती. पाच वस्तू, पाच सावल्या. कॅप्टनने पंख कलता केला, इंजिन हळू केलं आणि म्हणाला, "आता." मामाने नऊ फोटो घेतले.

नऊच्या नऊ फोटोंत ती होती.

हात प्रत्येक फोटोत थोडा वेगळा. एकामागोमाग एक बघितले की कळत होतं... ती हात हलवत होती.

लोक म्हणतील घाबरला असेल. तो घाबरला नाही. तो त्या पत्र्याच्या खोलीत लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. इतके महिने आपण घरावरून तोंड फिरवून जात होतो, आणि ही रोज गच्चीवर येऊन उभी राहत होती, हेच त्याच्या मनाला लागलं.

"बोलावतेय रे मला," तो कॅप्टनला म्हणाला. "घर सोडू नको म्हणतेय."

"तूच शिकवतोस ना, अंदाज बांधू नका म्हणून?"

"बायको माझी आहे. मला कळतं."

त्याच संध्याकाळी त्याने मुलीला फोन केला. येत नाही, घरही विकत नाही.

"बाबा, तिथे कोण आहे तुझं?" मुलगी रडायलाच आली.

"आहे," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. पुढे मुलीने फोन करणं कमी केलं. तिचं तरी काय चुकलं?

मामाने वर्ग बंद केला. गच्ची झाडून घेतली, वेताची एक खुर्ची वर नेऊन ठेवली. रोज संध्याकाळी पाच वाजता तो पश्चिमेला पाठ करून बसायचा. पाठीवर ऊन घ्यायचा. समोर फरशीवर त्याची सावली, खुर्चीची सावली. आणखी काही दिसायचं नाही.

पण चौथ्या दिवशी...

मानेवरचं ऊन गेलं. फक्त डाव्या बाजूचं.

उजवा खांदा तापलेला आणि डावा गार. आपल्या आणि सूर्याच्या मध्ये कुणी येऊन उभं राहिलं की लागतो तसा गार.

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"आलीस?" मामाने विचारलं. वळून बघितलं नाही. बघितलं तर जाईल, असं त्याला वाटलं.

खुर्चीची पाठ तेवढी हलकेच करकरली.

त्या दिवसापासून रोज. ऊन डाव्या खांद्यावरून उतरायचं आणि मामा बोलायला लागायचा. मुलगी रुसली ते सांगितलं. तुझ्या दुखण्यात मी चिडचिड केली ते सांगितलं. रात्री झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, हेही सांगितलं. जे कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं ते सगळं त्याने पाठीमागच्या त्या गारव्यापुढे मोकळं केलं.

तो वाळत चालला होता. महिन्याभरात कपडे अंगावर लोंबायला लागले. कॅप्टन भेटायला यायचा, तर मामा त्याला पाचच्या आत घालवून द्यायचा. माणूस सुखात होता हो, हेच तर वाईट. चौदा महिन्यांनी त्याला घरी वाट बघणारं माणूस मिळालं होतं.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी डोक्यावरून विमानाचा आवाज आला. डॉक्टरीणबाई कॅप्टनबरोबर सरावाला जात असत. मामाने बसल्या जागेवरून हात हलवला.

अर्ध्या तासाने त्याचा फोन वाजला. बाईंनी चार फोटो पाठवले होते. खाली लिहिलं होतं, 'सर, शेवटची फ्रेम तुमची! आज मोजत बसले नाही, उतरल्याबरोबर पाठवतेय.'

मामा अजून गच्चीवरच होता. खुर्चीत. ऊन होतं.

डावा खांदा गार होता.

त्याने फोटो मोठा केला. सवयीने मोजायला लागला. टाकी, दोन खांब, डिश, जिन्याची खोली आणि खुर्चीत बसलेला तो स्वतः. सहा.

मग सावल्या.

एक... दोन... तीन... चार... पाच... सहा...

सात.

खुर्चीला चिकटून, डाव्या हाताला. मामाला आनंद झाला. बघ, म्हटलं होतं ना. त्याने आणखी मोठा केला.

सावलीला अंबाडा नव्हता.

ती लांब होती. माणसाची सावली त्या उन्हात जेवढी पडावी त्याच्या दुप्पट. हात वर नव्हता. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर होते.

त्याने दुसरा फोटो उघडला. ती सावली जरा वाकली होती. तिसऱ्यात आणखी. चौथ्यात तिचं डोकं मामाच्या डोक्याच्या सावलीत मिसळलं होतं. आपण कुणाचं बोलणं कान देऊन ऐकतो ना, तसं.

महिनाभर तो ह्याच्याशी बोलत होता.

आणि मग त्याला आठवी दिसली.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या दाराशी. अंबाड्याची. त्या वाकलेल्या सावलीपासून जेवढं लांब उभं राहता येईल तेवढं लांब. हात उचललेला होता.

चारही फोटो त्याने पुन्हा क्रमाने बघितले. हात छातीपाशी. हात बाहेर, दाराकडे. पुन्हा छातीपाशी. पुन्हा दाराकडे.

ती बोलावत नव्हती. पहिल्या दिवसापासून ती एकच सांगत होती...

जा. जा. जा.

मामा उठला. मागे बघितलं नाही. खांद्यावरचा गारवा त्याच्याबरोबर उठला, हे त्याला कळलं. बारा पावलांवर दार होतं. पळायचं नाही, एवढंच त्याने मनाशी ठरवलं आणि चालत राहिला.

दाराशी मात्र तो थांबला. जिथे तिची सावली होती तिथे हवेत हात पुढे केला. "चल," म्हणाला. "तूपण चल गं माझ्याबरोबर."

हाताला काहीच लागलं नाही.

तेवढ्यात मागे... खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मग तो जिना उतरला. चपला न घालता, घराला कुलूप न लावता, थेट कॅप्टनच्या दारात. दुसऱ्या दिवशी कॅप्टनने त्याला मुलीकडे सोडलं. मुलीने एक प्रश्न विचारला नाही. शेजारी बसून त्याला जेवायला घातलं.

आता तो तिकडेच असतो. बरा आहे, वजनही वाढलंय. पण संध्याकाळी पाच ते सात तो घरातल्या अगदी आतल्या खोलीत बसतो, ऊन येत नाही तिथे. मी गेल्या महिन्यात भेटायला गेलो तेव्हा त्याने हे सगळं मला सांगितलं. सांगताना आवाज नीट होता. शेवटी मात्र तुटला.

"मला हाकललं रे तिने," तो म्हणाला. "आणि स्वतः राहिली. त्या गच्चीवर, त्याच्याबरोबर, एकटी. मी आयुष्यभर तिला एकटीला सोडून आभाळात फिरलो. आता पण सोडूनच आलो."



घर अजून विकलेलं नाही. तिकडे कुणी जात नाही. कॅप्टन तेवढा त्या बाजूने उडतो. दर शनिवारी संध्याकाळी मामा त्याला फोन लावतो. मी समोर बसलेलो असतानाही लावला.

"गेला होतास का वरून? फोटो काढलास? दिसली का?"

फोन स्पीकरवर होता.

"नाही रे," कॅप्टन म्हणाला. "खाली ढग होते."

मामाने फोन ठेवला. बाहेर एप्रिल-मेसारखं लख्ख ऊन पडलं होतं. गेले सात महिने, दर शनिवारी, कॅप्टनला त्या घरावर ढगच लागतायत.